ख्रिस्तमंदिरातील नंदादीप



उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळचा गार वारा सोडून आपण व्याख्यान ऐकावयास येऊन बसला आहात, तेव्हा आरंभीच एक आश्वासन देऊन टाकतो. धर्मशास्त्राच्या घनदाट अरण्यात आम्ही आपणांस आज नेणार नाही. आजचा विषय एका दिव्याचा आहे आणि तो दिवाही लहानसा आहे. मात्र लहान दिव्याच्या उजेडात कधी कधी मोठ्या वस्तू दिसतात, एवढ्याच भरवशावर आम्ही तो निवडला आहे.

भर दुपारी वसईकडच्या किंवा गोव्यातल्या एखाद्या चर्चमध्ये जाऊन पाहावे. बाहेर ऊन रणरणत असते. आत शिरल्यावर डोळे निवायला थोडा वेळ लागतो. सकाळची प्रार्थना आटोपलेली असते, बाके रिकामी असतात, एखादी म्हातारी जपमाळ ओढीत कोपऱ्यात बसलेली असली तर असते. आणि पुढे, वेदीच्या आसपास, साखळीने टांगलेला किंवा भिंतीशी बसविलेला, बहुधा तांबड्या काचेतला एक दिवा जळत असतो. तो उजेडासाठी लावलेला नाही हे उघड आहे. खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात त्याची ज्योत नीट दिसतही नाही. रात्री दाराला कुलूप लागते, चर्चमध्ये चिटपाखरू राहत नाही, तरी तो जळतच असतो. पाहणारा कोणी नाही आणि वाचणाराही कोणी नाही. मग हा दिवा कोणासाठी?

आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडी याचे उत्तर तयार असेल. अहो, हा नंदादीपच की! देवापुढे अखंड तेवणारा दिवा आपल्या ओळखीचा आहे. घरात घट बसले की नऊ दिवस दिवा विझू नये म्हणून घरातली बाई रात्रीतून दोनदा उठून तेल घालते, हे आपण पाहिलेले आहे. तेव्हा परक्या धर्माच्या मंदिरात शिरताच आपले काहीतरी भेटल्यासारखे वाटते. हे उत्तर चूक नाही, पण पुरते बरोबरही नाही. आणि त्या अपुरेपणातच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे त्या एकच आहेत असे म्हणून मोकळे होण्यात सौजन्य असते खरे, परंतु त्या सौजन्यात समोरच्याचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे राहून जाते. म्हणून प्रथम हा दिवा कशापुढे लावलेला आहे ते पाहू.

कॅथॉलिक पंथाची जी मुख्य उपासना, तिला मिस्सा म्हणतात. येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जे भोजन केले त्याचे ते स्मरण. पण कॅथॉलिकांच्या श्रद्धेने ते नुसते स्मरण नव्हे. त्या विधीत भाकरीची ख्रिस्तशरीरात परिणती होते अशी त्यांची श्रद्धा आहे. विधी संपल्यावर त्या पवित्र भाकरीचा काही भाग राखून ठेवतात. तो ज्या लहान, भक्कम, कुलूपबंद पेटीत ठेवतात तिला टॅबर्नॅकल असे नाव आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तंबू. मराठी बायबलात निवासमंडप हा शब्द येतो तो याच कल्पनेचा. हा तांबडा दिवा त्या पेटीपुढचा आहे. १९८३ सालच्या कॅथॉलिक धर्मनियमांतील ९४० वे कलम सांगते की, पवित्र भाकरी जेथे ठेवली असेल तेथे ख्रिस्ताची उपस्थिती दर्शविणारा आणि तिचा मान राखणारा एक खास दिवा सतत जळत असावा. त्याच्या आधीच्या, म्हणजे १९१७ च्या नियमसंग्रहातही १२७१ व्या कलमात हीच आज्ञा होती. तेथे तेल कोणते वापरावे हेही सांगितले होते. ऑलिव्हचे तेल किंवा मधमाश्यांचे मेण, आणि ऑलिव्ह मिळत नसेल तर दुसरे, शक्यतो वनस्पतीचे तेल.

यातली मुख्य गोष्ट अशी की, दिवा स्वतः पूज्य नाही. चर्चमध्ये शिरणारा भाविक गुडघा टेकतो तो पेटीच्या दिशेने. दिव्याला तो नमस्कार करीत नाही. दिवा ही खूण आहे. रात्री रस्त्याने जाताना एखाद्या घराच्या खिडकीत उजेड दिसला की आपण म्हणतो, मंडळी जागी आहेत. तितकेच तो दिवा म्हणतो की घरात कोणी आहे. पेटी रिकामी असेल तर या दिव्याचे काम नाही. चुकून विझला तर पुन्हा काडी ओढून लावावा, त्याला प्रायश्चित्त नाही की पुन्हा प्रतिष्ठा नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारचेच घ्या. पारशी बांधवांचा इराणशाह अग्नी गुजरातेत उदवाड्यास १७४२ पासून आहे आणि त्याची परंपरा त्याच्याही कितीतरी मागे, संजाणपर्यंत जाते. तेथे अग्नी हाच प्रतिष्ठित आहे. तो दुसऱ्या कशाची खूण म्हणून जळत नाही, आणि म्हणून तो विझू न देणे हेच तेथील पुरोहितांचे जन्माचे व्रत. आपला नंदादीप या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. तो देवापुढे असतो, पण दीपालाही आपण ज्योती म्हणून हात जोडतो. तिन्ही ठिकाणी ज्योत एकसारखीच दिसते आणि तिन्ही ठिकाणी ती वेगळे बोलते.

आता या दिव्याची वंशावळ पाहू. ती ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात, निर्गम या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, मोशेला आज्ञा होते की, कुटून काढलेले शुद्ध ऑलिव्हचे तेल लोकांनी आणावे, आणि पडद्याबाहेर, संध्याकाळपासून सकाळपर्यंत, याजकांनी दिवा तेवत ठेवावा. तेथे जो हिब्रू शब्द आहे तो तामीद. इंग्रजी भाषांतरांतून आपल्याकडे येताना त्याचा अर्थ अखंड, कधीही न विझणारा असा झाला. पण तामीद या शब्दाची खरी छटा मराठी माणसाला एका शब्दात सांगता येते, कारण तो शब्द आपल्याजवळ आहे. तो शब्द नित्य. आपण नित्यकर्म म्हणतो, नित्यनेम म्हणतो. नित्यकर्म म्हणजे क्षणभरही न थांबणारे कर्म नव्हे. दररोज, न चुकता, ठरल्या वेळी होणारे कर्म. यहुदी मंदिरात सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या यज्ञालाही तामीद हेच नाव होते. म्हणजे मुळात त्या दिव्याचे नित्यत्व ज्योतीत नव्हते, दररोज संध्याकाळी येणाऱ्या हातात होते. ही गोष्ट आपण गाठीशी बांधून ठेवावी. शेवटी तिच्याकडे परत यावयाचे आहे.

शमुवेलाची गोष्ट याच दिव्याजवळ घडते. शिलो येथील मंदिरात म्हातारा याजक एली झोपला आहे, त्याची दृष्टी मंद झाली आहे, आणि देवाचा दिवा अजून विझलेला नाही अशा वेळी तेथे निजलेल्या बाल शमुवेलाला हाक ऐकू येते. पोराला वाटते म्हाताऱ्यानेच हाक मारली, आणि तो तीनदा उठून धावत जातो. रात्र संपत आली आहे, तेल संपत आले आहे, आणि त्या उरल्यासुरल्या उजेडात पुढच्या पिढीला हाक येते. ख्रिस्ती माणूस चर्चमधल्या दिव्याकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात ही गोष्ट कोठेतरी असते.

पुढे यरुशलेमचे मंदिर उभे राहिले, पडले, पुन्हा उभे राहिले आणि इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते कायमचे उद्ध्वस्त केले. त्या मंदिरातली सात फांद्यांची दीपसमई लुटून रोमला नेली. रोममधील टायटसच्या कमानीवर ती खांद्यावर वाहून नेणाऱ्यांचे शिल्प आजही पाहावयास मिळते. मंदिर गेले, समई गेली, पण यहुद्यांनी दिवा सोडला नाही. त्यांच्या प्रत्येक प्रार्थनामंदिरात, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याच्यासमोर नेर तामीद, म्हणजे नित्यदीप, लावलेला असतो. आणि येथे आम्हां मराठी माणसांचा एक खराखुरा धागा जुळतो. आपल्या कोकणात, अलिबागेच्या आसपासच्या गावांतून, शतकानुशतके जे बेने इस्राएल लोक मराठी बोलत राहिले, त्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत. घाण्यावर तेल काढावयाचे हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद हा त्यांचा धर्म. मोशेच्या काळी तेल कुटणाऱ्यांचे नाते सांगणारे लोक आपल्या गावाच्या वेशीत तेलच काढीत होते, हा इतिहासाचा गमतीचा योग म्हणावा लागेल. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ इस्रायलला गेले आणि आपली मराठी बरोबर घेऊन गेले. मुंबईत १७९६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या प्रार्थनामंदिरावरूनच मशीद बंदर या स्थानकाचे नाव पडले असे सांगतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ज्यांच्या पूर्वजांनी असा दिवा लावला त्या परंपरेतून ख्रिस्ती धर्म निघाला, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवसापासून दिवे लावले असतील असे आपणांस वाटेल. तसे घडले नाही. प्रारंभीच्या ख्रिस्ती लेखकांना दिवसा दिवा लावण्याची चालच पसंत नव्हती, कारण रोमन लोक आपल्या देवांपुढे दिवे लावीत. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टँशियस नावाच्या पंडिताने या चालीची यथेच्छ थट्टा केली. ज्याने सूर्य केला त्याला मेणबत्ती दाखविणारा माणूस शुद्धीवर आहे काय, असा त्याच्या म्हणण्याचा रोख. आपल्याकडे सूर्यापुढे काजवा म्हणतात तोच हा मुद्दा.

पण लोक पंडितांना विचारून दिवे लावीत नसतात. शंभर वर्षांच्या आत हुतात्म्यांच्या समाध्यांपुढे दिवसाढवळ्या दिवे जळू लागले. तेव्हा व्हिजिलँशियस नावाच्या एका धर्मोपदेशकाने पुन्हा आक्षेप घेतला, आणि त्याला ४०६ साली बेथलेहेमहून जेरोमने उत्तर दिले. हा जेरोम म्हणजे बायबल लॅटिनमध्ये आणणारा विद्वान. जीभ मोठी तिखट. परंतु या एका जागी त्याचे उत्तर हळुवार आहे. तो म्हणतो की, पूर्वेकडील चर्चमध्ये शुभवर्तमान वाचावयाच्या वेळी ऊन पडलेले असतानाही दिवे लावतात. ते अंधार घालविण्यासाठी लावीत नाहीत. झालेला आनंद दाखविण्यासाठी लावतात. आणि कोणी भोळी बायामाणसे हुतात्म्याच्या आदरापोटी दिवा लावीत असतील तर बिघडले कोठे? एका स्त्रीने येशूच्या मस्तकावर मोलाचे सुगंधी तेल ओतले तेव्हा शिष्यांनाही ते वाया गेले असे वाटले होते. येशूने शिष्यांनाच गप्प बसविले. येशूला तेलाची गरज नव्हती हे खरे, पण त्या स्त्रीचे मन त्याने स्वीकारले.

याच सुमारास, ३८१ ते ३८४ च्या दरम्यान, युरोपच्या पश्चिम टोकाकडून एक स्त्री यात्रेस यरुशलेमला गेली. तिचे नाव एगेरिया. त्या काळात एवढा प्रवास करून तिने जे पाहिले ते आपल्या मैत्रिणींसाठी बारकाईने लिहून काढले. ते लिखाण हरवले होते. १८८४ साली इटलीतील आरेझो येथे त्याचे हस्तलिखित सापडले. त्यात ती यरुशलेममधील दिवेलागणीच्या प्रार्थनेचे वर्णन करते. येशूच्या थडग्यावर बांधलेल्या चर्चमध्ये दुपार उलटल्यावर लोक जमतात आणि शेकडो दिवे लावतात. ते लावण्यासाठी विस्तव बाहेरून आणीत नाहीत. थडग्याच्या गुहेत रात्रंदिवस एक दिवा जळत असतो, त्याच्यावरून बाकीचे लावतात. थडग्यातून उजेड बाहेर येतो! मेलेल्याला ठेवावयाची जागा हीच उजेडाची जागा झाली, ही कल्पना ख्रिस्ती धर्माच्या अगदी गाभ्याची आहे, आणि ती येथे एका साध्या विस्तवाच्या देवघेवीत सांगितली गेली आहे. दिवेलागणीस म्हणावयाचे एक ग्रीक स्तोत्र त्या काळी जुने म्हणून प्रसिद्ध होते; चौथ्या शतकातील संत बेसिलला त्याचा कर्ता कोण हे ठाऊक नव्हते. पूर्वेकडील चर्चांत ते आजही म्हणतात. ज्या घरांत तिन्हीसांजेला मुलांना दिव्यापुढे बसवून शुभंकरोति म्हणावयास लावीत, त्या घरांतल्या माणसांना याचे मर्म समजावून सांगावयास नको.

मग पेटीपुढचा दिवा कधी आला? भाकरी राखून ठेवण्याची चाल फार जुनी आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन हुतात्मा लिहितो की, उपासनेस जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ती भाकरी घेऊन जातात. आजारी, अंथरुणाला खिळलेले, मरणपंथास लागलेले, हे ते न येऊ शकलेले लोक. त्यांच्यासाठी काही राखून ठेवले पाहिजे, एवढ्याच साध्या कारणाने ती पेटी जन्माला आली. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने ती भाकरी कुलपात ठेवावी असा नियम केला. मध्ययुगीन युरोपात पुरोहित ती घेऊन आजाऱ्याकडे निघाला की पुढे एकजण कंदील आणि घंटा घेऊन चाले. आणि साधारण याच शतकांत पश्चिम युरोपातील चर्चांमध्ये पेटीपुढे दिवा जळत ठेवण्याची चाल रुजली.

दिवा म्हटला की तेल आले, आणि तेल म्हटले की खर्च आला. इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांतून दिव्यासाठी लोक जमिनीचे तुकडे लावून देत. कोणी गाय, कोणी मेंढ्या देत, आणि त्यांच्या उत्पन्नातून तेलमेण येई. आपल्याकडील जुन्या सनदांत नंदादीपासाठी, दिवाबत्तीसाठी जमीन इनाम दिल्याचे उल्लेख ज्यांनी वाचले असतील त्यांना हे अगदी ओळखीचे वाटेल. अर्थात जेथे इनाम तेथे तंटा. यरुशलेमच्या थडग्यात आज ४३ दिवे टांगलेले आहेत. त्यांतले १३ ग्रीकांचे, १३ लॅटिनांचे, १३ आर्मेनियनांचे आणि ४ कॉप्टांचे. कोणाचा दिवा कोठे, हे ठरून गेलेले आहे आणि तुर्की सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाने जी वहिवाट पक्की झाली ती आजही मोडता येत नाही. प्रेमाचा धर्म सांगणाऱ्याच्या थडग्यावर दिव्यांची ही भाऊबंदकी पाहून कोणी हसले तर त्याला आम्ही दोष देणार नाही. आमच्याही देवस्थानांच्या मानपानाचे खटले कोर्टात पडलेले असतात, एवढे मात्र हसताना आठवावे.

पण हसण्यावारी न्यावयाचा नाही असा एक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की, जेथे माणसे उपाशी आहेत तेथे दगडी भिंतीपुढे तेल जाळण्याचा तुम्हांला अधिकार काय? हा प्रश्न धर्माच्या शत्रूंनी प्रथम विचारलेला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात संत जॉन क्रिसोस्टमने तो भर चर्चमध्ये विचारला. चर्चमधल्या दिव्यांना तुम्ही रुप्याच्या साखळ्या लावता, आणि ख्रिस्त तुरुंगात साखळदंडात पडला आहे त्याच्याकडे पाहतही नाही, अशा आशयाचे त्याचे शब्द आहेत. गरीब म्हणजेच ख्रिस्त, ही येशूचीच शिकवण त्याने लोकांच्या पदरात घातली.

अकराशे वर्षांनी हाच प्रश्न हातोडा घेऊन उठला. १५२३ साली झ्यूरिख शहरात सुधारणेच्या चळवळीने पेटलेल्या लोकांनी चर्चमधले अखंड दिवे खाली ओढून फोडले. मूर्तिपूजेचा राग त्यात होताच. पण त्याबरोबर ही भावनाही होती की, हे तेल, हे मेण गरिबाच्या घरात जावयाचे ते येथे जळते आहे. इंग्लंडात १५३८ च्या राजाज्ञेने मूर्तींपुढच्या मेणबत्त्या बंद केल्या, तरी पवित्र भाकरीपुढचा दिवा राहू दिला होता. नऊच वर्षांनी, १५४७ मध्ये, दिव्यांसाठी दिलेल्या जमिनी सरकारजमा झाल्या. त्या जमिनींचे पैसे गरिबांना मिळाले असते तर गोष्ट वेगळी होती. बराचसा भाग राजाच्या तिजोरीत आणि तिच्या आसपासच्या खिशांत गेला. दिवा विझविला म्हणजे उपाशी माणसाचे पोट भरतेच असे नाही, हा धडा त्यातून घ्यावा.

आणि तरीही ज्या चर्चांत हा दिवा नाही त्यांना उणे लेखण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रात नगर भागातील अमेरिकन मराठी मिशनची जी मंडळी, ज्यांच्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक होते, त्यांच्या परंपरेत वेदीपुढचा अखंड दिवा नाही. देवाची उपस्थिती एका पेटीशी बांधावयाची नाही, ती वचनात आणि जमलेल्या माणसांत आहे, असे त्यांचे म्हणणे. एकाच येशूच्या नावाने वसईच्या चर्चमध्ये दिवा लावतात आणि नगरच्या चर्चमध्ये लावीत नाहीत. दोन्ही गोष्टी श्रद्धेनेच होतात.

मग गरिबाच्या आक्षेपाला उत्तर काय? आम्हांला जे सुचते ते सांगतो. ती भाकरी मुळात कोणासाठी राखली होती? जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी. म्हणजे तो दिवा मूर्तीपुढच्या शोभेचा नव्हे. घरातला एक माणूस अजून जेवावयाचा राहिला आहे, त्याचे ताट झाकून ठेवले आहे, याची ती खूण आहे. आपल्याकडे कोणी रात्री उशिरा यावयाचे असले की आई ताट वाढून ठेवते आणि ओटीवरचा दिवा मालवीत नाही. त्या दिव्याला आपण उधळपट्टी म्हणत नाही. पण हेही तितकेच खरे की, ताट झाकून ठेवावयाचे आणि येणाऱ्याला दारातून हाकलावयाचे, असे जेथे होईल तेथे तो दिवा खोटा. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा महाराष्ट्राने उगाच जपलेली नाही. क्रिसोस्टमचा प्रश्न त्या दिव्याच्या शेजारीच टांगलेला राहिला पाहिजे. तो प्रश्न काढून टाकला तर उरते ते नुसते तेल जाळणे.

या दिव्यासंबंधी आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. अखंड म्हणविणारा हा दिवा वर्षातून एकदा जाणूनबुजून विझवितात. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, शेवटच्या भोजनाची मिस्सा झाली की, पवित्र भाकरी मिरवणुकीने दुसऱ्या जागी नेतात. वेदीवरची वस्त्रे काढून घेतात. पेटी रिकामी, तिचे दार उघडे, आणि दिवा मालविलेला. दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, जगात कोठेही कॅथॉलिक मिस्सा होत नाही. त्या दिवशी कधी चर्चमध्ये गेलात तर ते घर ओकेबोके वाटते. रोज न पाहिलेला दिवा नसला की पटकन डोळ्यांत भरतो. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या खुंटीवरची टोपी नसली की भिंत मोठी वाटते, तसे ते आहे.

मग शनिवारची रात्र येते. चर्चच्या बाहेर नवा विस्तव पेटवितात, त्याच्यावर एक मोठी मेणबत्ती लावतात, आणि ती अंधाऱ्या चर्चमध्ये घेऊन येतात. तिच्यावरून एकाची, एकाची दुसऱ्याची, अशा लोकांच्या हातांतल्या लहान मेणबत्त्या लागत जातात आणि पाहता पाहता सारे चर्च उजळते. त्या विधीनंतर पेटी पुन्हा भरते आणि तांबडा दिवा पुन्हा लागतो. मजा अशी की, कित्येक शतके हा रात्रीचा विधी सरकत सरकत शनिवारच्या सकाळी येऊन बसला होता, आणि अंधार उजळण्याचा हा सोहळा लख्ख उन्हात होत होता. बाराव्या पायस पोपांनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९५५ च्या सुधारणेने कायमचा तो पुन्हा रात्रीत नेला. रूढीचे हे असे असते. अर्थ निसटला तरी ती चालत राहते, आणि कोणीतरी मुद्दाम थांबून तिला तिचा अंधार परत द्यावा लागतो.

सभ्यजनहो, आता आपण विजेच्या युगात आहोत. बटण दाबले की दिवा लागतो आणि बिल भरले की तो विझत नाही. महायुद्धाच्या काळात तेल दुर्मिळ झाले तेव्हा चर्चमधील या दिव्यालाही विजेची सवलत मिळाली होती, आणि आजही पुष्कळ ठिकाणी लहानसा तांबडा विजेचा दिवा लावलेला दिसतो. मिस्साविधीच्या आजच्या नियमांत मात्र तेल किंवा मेण असेच म्हटलेले आहे. कोणी म्हणेल, हा हट्ट कशाला? विजेचा दिवा अधिक अखंड नाही काय? येथेच आपण मघाशी गाठीशी बांधलेला तामीद हा शब्द सोडावयाचा आहे. विजेचा दिवा अखंड असेल, पण तो नित्य नाही. त्याला रोज कोणी यावे लागत नाही. तेलाच्या दिव्यापाशी मात्र कोणीतरी येऊन गेलेले असते. वात वर केली, काजळी झाडली, तेल घातले, काच पुसली. त्या माणसाचे नाव कोठे लिहिलेले नसते. शतकानुशतके कोणत्याही चर्चमध्ये एकच ज्योत जळत राहिलेली नाही. वारा आला, पाऊस आला, लढाई आली, आणि ज्योती विझल्या. वसईच्या किल्ल्यात जाऊन पाहा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो घेतला. आतल्या बहुतेक चर्चांच्या आज नुसत्या भिंती उभ्या आहेत आणि वेदीच्या जागी गवत वाढते. पण किल्ल्याबाहेरच्या गावांतून दिवा आहे. टिकला तो ज्योतीचा वंश नव्हे, तेल घालणाऱ्या हातांचा वंश टिकला.

दहा कुमारिकांची येशूची गोष्ट आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. दहाहीजणींजवळ दिवे होते, दहाहीजणींना झोप लागली. फरक इतकाच की, पाचजणींनी कुपीत जास्तीचे तेल घेतले होते. नवरदेव उशिरा येणार हे त्यांनी मनात धरले होते. श्रद्धा म्हणजे मोठा भडका नव्हे; उशीर होईल हे धरून बरोबर घेतलेले तेल, असा त्या गोष्टीचा अर्थ आम्ही लावतो.

तेव्हा आपण पुढे कधी अशा मंदिरात गेलात आणि तो तांबडा दिवा दिसला, तर त्याला खुशाल नंदादीप म्हणा. पण म्हणताना एवढे ध्यानात असू द्या की, तो तीन गोष्टी सांगतो आहे. घरात कोणी आहे, ही पहिली. जो आला नाही त्याच्यासाठी काही राखून ठेवले आहे, ही दुसरी. आणि आज सकाळी कोणीतरी येऊन तेल घालून गेले आहे, ही तिसरी. पहिली गोष्ट मानावयाची की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. तेथे आम्ही बोट दाखवून थांबतो. दुसरी आणि तिसरी मात्र कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताही धर्म न मानणाऱ्या माणसानेही आपल्या घरी न्याव्यात अशा आहेत. जो पंगतीला येऊ शकला नाही त्याचे ताट वाढून ठेवणारा आणि आपली पाळी आली की न सांगता तेल घालणारा, अशी माणसे ज्या गावात आहेत त्या गावात अंधाराला फारसे काही करता येत नाही.